ओसरी पॅक करताय? आधी कूलरचा विचार करा

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि बसमध्ये रेंज नाही म्हणून इथं वाचणाऱ्यांनाही. आजचा विषय एकदम घरचा: ओसरी. "पाऊस आत येतो, पॅक करून टाकू," असं तुमच्याही घरी चालू असेल, तर पाच मिनिटं थांबा.

आमचं घर परभणीत. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड यायची आणि ओसरीतली आजीची बाज भिजायची. शेवटी वर पत्रे टाकले, तिन्ही बाजूंनी काचेच्या स्लाइडिंग खिडक्या लावल्या. तो पावसाळा मस्त गेला, एक थेंब आत नाही.

मग मे आला. आपल्याकडचा मे म्हणजे पारा ४२-४३ वर. कूलर फुल स्पीडवर, तरी घर गार होईना. एका दुपारी आजीला घेरी आली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे. घरी आल्यावर आजी एवढंच बोलली, "पाऊस अडवा म्हणले होते मी, वारा कामून अडवला रे?"

तिथं माझी ट्यूब पेटली. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून हवा गार लागते. आमचा कूलर ओसरीकडच्या खिडकीत होता. ओसरी बंद झाल्यावर तो तीच दमट हवा परत परत ओढायला लागला. दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही, मग गारवा कुठून येणार? त्यात काचेतून ऊन आत येत होतं, पत्रा तापून वरून भाजत होता आणि गरम हवेला बाहेर पडायला वाट नव्हती.

मग आम्ही काय बदललं?

एक, कूलर बाहेरच्या भिंतीला नेला आणि तो चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायला लागलो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजेच.

दोन, पश्चिमेच्या काचा काढून तिथं खाली झुकलेल्या पट्ट्यांच्या झडपा लावल्या. झड अडते, दुपारचं ऊन अडतं, वारा मात्र येतो. बाकीच्या दोन बाजूंना मच्छरजाळी आणि वर गुंडाळता येणारी ताडपत्री. स्लाइडिंग खिडकी कितीही ढकला, अर्धीच उघडते, हे आधी लक्षातच आलं नव्हतं!

तीन, पत्र्याखाली फूटभर फट जाळी लावून मोकळी ठेवली. गरम हवा वर चढते, ती तिथून निघून जाते. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, खालून बांबूचे तट्टे लावले.

नवीन काम काढणार असाल तर अजून दोन गोष्टी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. खांब वरवर रोवले तर हलतात आणि जुन्या भिंतीला तडे जातात. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. पत्र्याला दहा फुटांमागे फूटभर उतार द्या आणि पत्रे घट्ट आवळून घ्या, वळवाचा वारा खालून उचलतो.

पन्हाळ लावायला विसरू नका. दहा बाय बाराच्या पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ११ लिटर पाणी होतं. ५० मिलिमीटर पडला तर साडेपाचशे लिटर! ते टाकीत घ्या, पण झाकण पक्कं ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतील.

आता पावसाळ्यात ओसरीची कड थोडी ओली होते. होऊ दे. आजीची बाज कोरडी आहे, आणि मे महिन्यातही ती दुपारी तिथंच झोपते.

तुमच्या घरी वेल्डिंगवाला माप घ्यायला आला, की त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "भाऊ, हवा कुठून येणार आणि कुठून जाणार?" चला, भेटू पुढच्या भागात!