हातातली पाटी : लहान की मोठी?

उर्दूत आपण जिला तख्ती म्हणतो, तिला मराठीत पाटी म्हणतात. इंग्रजीतील 'टॅबलेट' या शब्दाचाही एक जुना अर्थ लिहिण्याची पाटी असाच आहे. आजचा टॅबलेट म्हणजे काचेची पाटीच. तिच्यावर लिहिता येते, वाचता येते आणि पाहताही येते. पण ही पाटी केवढी असावी?

हा प्रश्न मला आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीने विचारला. ती कर्वेनगरला राहते आणि बसने कॅम्पातील शाळेत येते. ती म्हणाली, "सर, अब्बा टॅबलेट घेणार आहेत. दुकानदार म्हणतो, लहान घ्या, हलका असतो. भाई म्हणतो, मोठा घ्या. पैसे एकदाच खर्च होणार आहेत. काय करू?"

तिच्या काळजीला कारण होते. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा तिन्ही भावंडे एकाच मोबाईलवर अभ्यास करीत. उर्दूतील बे, पे, ते आणि से या अक्षरांचा साचा एकच असतो. फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा. लहानशा पडद्यावर ते नुक्ते दिसत नसत. शब्द चुकीचा वाचला जाई आणि डोळे दुखत ते वेगळेच.

मी तिला म्हटले, "आधी मोजू, मग ठरवू."

टॅबलेटचा आकार इंचांत सांगतात. ते माप लांबीचे नसते आणि रुंदीचेही नसते. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे, ते माप असते. उर्दूत कर्णाला आपण वतर म्हणतो. समजा, एक पडदा ८ इंच लांब आणि ६ इंच रुंद आहे. ८ चा वर्ग ६४ आणि ६ चा वर्ग ३६. दोन्हींची बेरीज १००. म्हणून त्याचा कर्ण १० इंच. दुसरा पडदा ६ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद आहे. त्याचा कर्ण साडेसात इंच येतो.

१० आणि साडेसात यांत फक्त अडीच इंचांचा फरक दिसतो. आता क्षेत्रफळ काढा. पहिल्याचे ४८ चौरस इंच आणि दुसऱ्याचे २७ चौरस इंच. म्हणजे मोठ्या पडद्यावर जवळजवळ पावणेदोन पट जागा मिळते! मात्र कर्ण सारखा असला तरी लांबट पडद्याचे क्षेत्रफळ कमी भरते. म्हणून केवळ इंच ऐकून फसू नये.

आता वजनाचा विचार करू. पडदा मोठा असला, की काच मोठी लागते. तो उजळण्यासाठी वीज जास्त लागते, म्हणून बॅटरीही मोठी लागते. त्यामुळे वजन वाढते. ॲपल कंपनीने २०१० मध्ये ९.७ इंचांचा टॅबलेट आणला. त्याचे वजन सुमारे ६८० ग्रॅम होते. २०१२ मध्ये त्याच कंपनीने ७.९ इंचांचा टॅबलेट काढला. त्याचे वजन सुमारे ३०८ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून कमी होते. आपल्या देशात २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट निघाला. त्याचा पडदा ७ इंचांचा होता.

दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय दप्तर धोरण सांगते. ४० किलो वजनाच्या मुलीचे दप्तर ४ किलोंचे असावे. त्यात अर्ध्या किलोचा टॅबलेट ठेवला, तर दप्तराचा आठवा हिस्सा त्यानेच व्यापला!

मग लहानच बरा का? मी तिला दोन्ही मापांचे पुठ्ठे कापायला सांगितले. "हे आठवडाभर जवळ ठेव. जिथे टॅबलेट काढावासा वाटेल, तिथे पुठ्ठा काढ आणि वहीत नोंद कर."

आठवड्यानंतर ती वही घेऊन आली. बसमध्ये तिने एकदाही पुठ्ठा काढला नव्हता. एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात दांडी असे, मग काढणार कसा? शाळेत तर टॅबलेटची गरजच पडली नव्हती. सगळ्या नोंदी घरच्या होत्या. संध्याकाळी जमिनीवर बसून, धाकट्या भावाला शेजारी घेऊन ती अभ्यास करीत असे. लहान पुठ्ठ्यावर दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती. ती हसून म्हणाली, "सर, मी ओझ्याची काळजी करीत होते, पण ते ओझे मला वाहायचेच नव्हते!"

मोठ्या टॅबलेटची किंमत जास्त होती. तिच्या अब्बांनी आणखी दोन महिने थांबायचे ठरवले. आता दोघे भावंडे बालभारतीची उर्दू पुस्तके त्यावर वाचतात. नुक्ते स्पष्ट दिसतात.

याचा अर्थ मोठा टॅबलेट सर्वांनाच सोयीचा, असा नाही. घरोघर फिरून माहिती लिहून घेणाऱ्या आरोग्यसेविकेला एका हातात मावणारा लहान टॅबलेटच बरा. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. १९०० साली महर्षी कर्व्यांनी तेथे आश्रमासाठी झोपडी उभारली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते हिंगण्याला पायी जात आणि आश्रमाचे सामानही वाहून नेत. ते ओझे कामाचे होते, म्हणून त्यांनी ते आनंदाने उचलले.

मुलांनो, कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा : ती कशासाठी हवी? कोठे वापरणार? कोण कोण वापरणार? उत्तरे मिळाली, की आकार आपोआप ठरतो.

शब्दार्थ
कर्ण – समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा
साचा – मूळ आकार, ठेवण
पुठ्ठा – जाड, कडक कागद
धोरण – काम करण्याचा ठरवलेला मार्ग

स्वाध्याय
१. टॅबलेटचे माप कसे मोजतात?
२. पडदा मोठा झाला की वजन का वाढते?
३. विद्यार्थिनीने मोठा टॅबलेट का निवडला?
४. तुमच्या मराठी पुस्तकाच्या पानाची लांबी व रुंदी मोजा आणि त्याचा कर्ण काढा.