कल्पनेचा सातबारा कुठे असतो?

मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा मालमत्तेचा विचार पाहिला. ज्यात माझे श्रम मिसळले, ते माझं. त्यावर एका श्रोत्यांनी लिहून विचारलं, "सर, माझ्या मसाल्याचं नाव मी शोधलं, वीस वर्षं वाढवलं. आता माल बाहेर पाठवायचाय. ते नाव तिथेही माझंच ना?" लॉकला विचाराल तर हो. कायद्याला विचाराल तर बहुधा नाही. या दोन उत्तरांमधल्या फटीत लोकांचे धंदे अडकतात, म्हणून आज तीच फट पाहू.

जमीन एका जागी असते, तिला एक सातबारा पुरतो. नाव किंवा शोध मात्र कुठेही जातो. आणि त्यावरचा हक्क प्रत्येक देश आपल्या हद्दीपुरता देतो. भारतातली नोंदणी भारतात चालते, सीमेपलीकडे नाही. 'आंतरराष्ट्रीय पेटंट' हा शब्द आपण ऐकतो, पण तशी वस्तूच अस्तित्वात नाही.

हे मोठ्यांनाही चुकत नाही बरं का. 'आयपॅड' हे नाव प्रोव्ह्यू या कंपनीने बऱ्याच देशांत आधीच नोंदवलं होतं. ॲपलने 2009 मध्ये एका ब्रिटिश कंपनीमार्फत ते 35,000 पौंडांना तैवानच्या प्रोव्ह्यूकडून विकत घेतलं. पण चीनमधली नोंदणी प्रोव्ह्यूच्याच शेन्झेन इथल्या कंपनीच्या नावावर होती. ती म्हणाली, आम्ही विकलेलंच नाही! 2012 मध्ये ॲपलने 6 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला.

मग करायचं काय? तीन प्रकार वेगळे ठेवा.

पहिला, पुस्तक, गाणं, चित्र. 1886 च्या बर्न करारामुळे सदस्य देशांत कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही. इथे लॉक जिंकला म्हणा.

दुसरा, ट्रेडमार्क. भारतात अर्ज केल्यावर पॅरिस कराराप्रमाणे सहा महिन्यांत परदेशात अर्ज केला, तर तिथेही भारतातलीच तारीख धरतात. याला अग्रहक्क म्हणतात. भारत 2013 मध्ये माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आला, त्यामुळे इथल्या कार्यालयातून एकाच अर्जात अनेक देश मागता येतात. मात्र हो किंवा नाही हे प्रत्येक देशच ठरवतो. आणि पहिली पाच वर्षं हा अर्ज भारतातल्या नोंदणीवर उभा असतो. ती कोसळली तर बाहेरचाही डोलारा कोसळतो.

तिसरा, पेटंट. इथे अग्रहक्काची मुदत बारा महिने. पेटंट सहकार्य कराराखाली, म्हणजे पीसीटीखाली, अर्ज केला तर प्रत्येक देशात जाण्यासाठी पहिल्या तारखेपासून साधारण तीस महिने मिळतात. दोन गोष्टी विसरू नका. अर्जाआधी शोध जाहीर केला, तर अनेक देशांत तो 'नवा' उरत नाही. आणि भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज करायचा, तर आधी पेटंट कार्यालयाची परवानगी लागते. नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

आता संरक्षण. नोंदणी म्हणजे राखणदार नव्हे. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना अर्ज पुढे पोचवते, तुमच्या वतीने नकलाकारावर खटला भरत नाही. तो त्या देशाच्या कोर्टात, तिथल्या वकिलामार्फत तुम्हालाच भरावा लागतो. धोका पुष्कळदा जवळचाच असतो: तिथला वितरक तुमचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवून मोकळा होतो. म्हणून करारात स्पष्ट लिहा, की नाव आपलं आणि नोंदणीही आपणच करणार.

कुणी म्हणेल, हा अन्याय नाही का? श्रम माझे आणि हक्क आधी रांगेत उभा राहिला त्याचा? प्रश्न रास्त आहे, आणि कायद्यालाही तो टोचतो. म्हणूनच प्रसिद्ध चिन्हांना पॅरिस करारात नोंदणीविनाही आधार आहे. चीननेही 2019 मध्ये वापरण्याचा हेतू नसलेले, बदनियतीचे अर्ज नाकारण्याची तरतूद केली. पण बदनियत सिद्ध करायची कुणी? तुम्ही. परक्या भाषेत, परक्या कोर्टात, आपल्या खर्चाने.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं सांगणं इतकंच: पहिला कंटेनर निघण्याआधी अर्ज जाऊ द्या. सगळं जग नको. जिथे विकणार आणि जिथे माल बनवून घेणार, तेवढेच देश आधी धरा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.