हँडलपासून जी-कोडपर्यंत : नालासोपाऱ्यातून एक मागोवा

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून तुळिंज, संतोष भुवन, धानीव बाग, पेल्हार असं हायवेकडे निघालं की घरं आणि गाळे एकमेकांत मिसळलेले दिसतात. वसईच्या बाजूला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे तर गाळ्यांच्या रांगाच आहेत. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसे अनेक छोटे कारखाने इकडे सरकले आणि त्यांच्या मागोमाग टर्नर, फिटर, मशिनिस्ट इथे राहायला आले. मायक्रोमीटर धरता येणारा माणूस इथे शेजारच्या बिऱ्हाडात सापडतो. घरातल्या टेबलावरच्या मिलिंग मशीनला संगणक जोडण्याचं काम मी याच वस्तीत, गेल्या पंधराएक वर्षांत टप्प्याटप्प्याने करत आलो. या काळात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते मांडून ठेवायला हवं. हे काम करू पाहणारी मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांना बाजारात सगळं मिळतं, पण सुरुवात कुठून करायची हे सांगणारं माणूस सहसा मिळत नाही.

टेबलावर मावणारी मिलिंग म्हणजे पन्नास-साठ किलोपासून पुढच्या वजनाचं बिडाचं यंत्र. वर फिरणारा स्पिंडल, खाली वाईसमध्ये आवळलेला जॉब आणि तीन हँडल : एक टेबल डावी-उजवीकडे नेणारं, दुसरं पुढे-मागे नेणारं, तिसरं हेड वर-खाली करणारं. ही तीन हँडल काढून तिथे तीन मोटर बसवायच्या आणि त्या किती फिरवायच्या हे संगणकाने ठरवायचं, एवढाच या कामाचा गाभा. दोन हँडल एकाच वेळी, अचूक प्रमाणात फिरवणं माणसाला जमत नाही. म्हणून हाती मिलिंगवर सरळ कापणं सोपं आणि वक्र कापणं अवघड असतं. ही अडचण सोडवण्याच्या प्रयत्नातूनच सीएनसीचा, म्हणजे संगणकाने मशीन चालवण्याच्या पद्धतीचा, जन्म झाला.

पंख्याच्या पात्यापासून सुरुवात

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा आकार तपासायचे साचे अचूक वक्राचे हवेत. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर गणित करून काढले आणि ते आकडे मशीनवरच्या माणसांच्या हाती दिले. एकाने एक हँडल आकड्यावर आणायचं, दुसऱ्याने दुसरं. मग हे आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत, हा पुढचा प्रश्न होता. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कामासाठी पैसा दिला. अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रसंस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीच्या एका मोठ्या मिलिंग मशीनवर प्रयोग केला आणि १९५२ मध्ये तीन अक्षांवर चालणारं मशीन लोकांना दाखवलं. आज्ञा छिद्रं पाडलेल्या फितीवर होत्या आणि त्या वाचणारी यंत्रणा शेकडो व्हॅक्यूम ट्यूबची होती. नवं मशीन न घडवता चालू मशीनच बदलून घेतलेलं होतं, म्हणजे जगातली पहिली संगणकी मिलिंग हे एक रूपांतरच होतं. घरात हेच काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर हुरूप येतो.

जपानमध्ये फुजित्सू कंपनीत सेईउएमोन इनाबा यांच्या चमूने १९५६ मध्ये स्वतःची अशी यंत्रणा तयार केली. त्याच कामातून पुढे १९७२ मध्ये फॅनक ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. आज आपल्याकडच्या कितीतरी गाळ्यांत मशीनच्या पॅनेलवर तेच नाव दिसतं. फॅनकची सुरुवातीची यंत्रणा पल्सवर चालणाऱ्या मोटरची होती : एक पल्स दिला की मोटर ठरावीक अंशात सरकणार. सत्तरच्या दशकात मोठ्या उद्योगाने ही पद्धत सोडून सर्व्हो मोटर घेतल्या. घरगुती कामात मात्र पल्सची पद्धत आजही टिकून आहे, कारण ती स्वस्त आणि समजायला सोपी आहे.

आपल्या देशात १९५३ मध्ये बंगळुरूला एचएमटी स्थापन झाली आणि मशीन बनवणारी मशीन इथे तयार होऊ लागली. तरी छोट्या गाळ्यात सीएनसी यायला फार वेळ लागला. मी शिकाऊ असताना ती मोठ्या कारखान्यांत काचेपलीकडे असायची आणि आमच्या हातात हँडलच असायचं.

घरात येण्याची वाट

ही वाट मोकळी झाली ती दोन फुकट मिळालेल्या गोष्टींमुळे. पहिली म्हणजे ईएमसी. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानकसंस्थेने नव्वदच्या दशकात मशीन चालवणारा हा प्रोग्रॅम तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे स्वयंसेवकांनी तो वाढवला आणि आज तो लिनक्ससीएनसी या नावाने ओळखला जातो. त्या काळात पल्स बाहेर काढायला जुन्या डेस्कटॉपचा प्रिंटर पोर्ट वापरत. ऑफिसांनी भंगारात काढलेले संगणक त्यामुळे मोलाचे झाले. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मोटर चालवणारे ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय शोधायचे, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, कपलिंग आणि कटर बघायचे आणि विरार लोकलने घरी यायचं. ओझं जड असलं तर गर्दीची वेळ टाळायची.

दुसरी गोष्ट ग्रबल. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पुढे सनी जॉन यांनी तो सांभाळला, वाढवला. काही शे रुपयांना मिळणाऱ्या आर्डुइनो बोर्डवर तो तीन अक्ष चालवतो. अख्खा डेस्कटॉप टेबलावरून गेला. यूएसबीची वायर जोडलेला साधा लॅपटॉप पुरू लागला. पुढे चांगले डिजिटल ड्रायव्हर आले, मोटरची घरघर कमी झाली आणि ऑनलाइन मागवलेला माल नालासोपाऱ्याच्या पत्त्यावर पोहोचू लागला. इलेक्ट्रॉनिक्स असं सतत स्वस्त आणि चांगलं होत गेलं.

याचं गणितही मनात भरणारं आहे. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, म्हणजे पाऊल १.८ अंशाचं. ड्रायव्हर त्या पावलाचे आठ भाग करतो, तेव्हा फेऱ्याला १६०० पल्स होतात. मोटरला ५ मिलीमीटर आट्याचा बॉलस्क्रू जोडला की मिलीमीटरला ३२० पल्स, म्हणजे एका पल्सला सुमारे ०.००३ मिलीमीटर. हा आकडा पाहून नवख्याला वाटतं, आपलं मशीन आता तीन मायक्रॉनचं झालं.

गोल कापून बघा

तसं ते होत नाही आणि या सगळ्या मागोव्यातून मला सांगायची गोष्ट हीच आहे. हाती मशीनच्या स्क्रूमध्ये आणि नटमध्ये थोडा प्ले असतो. हँडल उलटं फिरवलं की टेबल हलण्याआधी थोडं रिकामं फिरतं. त्यालाच आपण बॅकलॅश म्हणतो. जुन्या स्क्रूत तो ०.२ मिलीमीटर असणं काही विशेष नाही आणि एवढा बॅकलॅश म्हणजे एका पल्सच्या साठपट. हाताने काम करणारा मिस्त्री हे जाणतो. तो नेहमी एकाच दिशेने मापावर येतो, प्ले आधी काढून घेतो आणि मगच कापतो. संगणकाला हे शहाणपण नसतं.

एक साधी परीक्षा आहे. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर ५० मिलीमीटरचा गोल कापायचा. गोल फिरताना प्रत्येक अक्ष दोनदा दिशा बदलतो, म्हणून दोन अक्षांच्या मिळून अशा चार जागा होतात. बॅकलॅश असेल तर नेमक्या त्या चार जागी छोटी पायरी किंवा सपाट भाग दिसतो. तिरक्या दिशांनी आणि सरळ दिशांनी मायक्रोमीटर लावला की फरक लगेच कळतो. या एका तुकड्यात मशीनची खरी प्रकृती लिहिलेली असते.

बॉलस्क्रूने हा दोष बराच कमी होतो, कारण त्याच्या नटात आटे घासत नाहीत, गोळ्या फिरतात. पण नुसता बॉलस्क्रू घालून भागत नाही. स्क्रूच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी नीट आवळलेली हवी, नाहीतर नट घट्ट आणि अख्खा स्क्रूच पुढे-मागे, अशी गत होते. बाजारातला रोल केलेला सी-७ दर्जाचा स्क्रूसुद्धा ३०० मिलीमीटरला ०.०५ मिलीमीटरपर्यंत चुकू शकतो. पुढचा मुद्दा डव्हटेलचा, म्हणजे टेबल ज्या तिरक्या खोबणीवर सरकतं तिचा. तिथला प्ले काढणारी गिब नावाची पट्टी सैल असेल तर टेबल कापताना वाकडं सरकतं. फार आवळली तर मोटर पावलं चुकते आणि साध्या स्टेपरला आपण चुकलो हे कळतच नाही. ती पुढचं सगळं काम चुकीच्या जागी इमानाने करत राहते.

इथे फिटरचा हात लागतो. सरफेस प्लेटला ब्ल्यू लावायचा, त्यावर गिब घासायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरने काढायचा आणि पुन्हा घासायची. रंगाचे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हेच करत राहायचं. मग स्पिंडलमध्ये डायल गेज धरून टेबलावर चारी बाजूंनी फिरवायचा आणि हेड काटकोनात आहे का ते पाहायचं. ही विद्या स्वस्त झाली नाही, ती कुठल्या फाइलमधून उतरवून घेता येत नाही आणि हात बसायला वर्षं लागतात. माझ्या मशीनचं सगळ्यात मोलाचं काम कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यात जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) लिहिला नव्हता. पण बोटाच्या टोकाने गिब चाचपून ते सांगत, "इथे अजून बसली नाही बघ."

आपल्या हवेत, आपल्या विजेवर

परदेशी पुस्तकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी इथे राहून शिकाव्या लागल्या. जुना आट्यांचा स्क्रू हेडचं वजन धरून ठेवतो, बॉलस्क्रू धरत नाही. वीज गेली की मोटर सैल होते आणि हेड कटरसकट जॉबवर उतरतं. म्हणून उभ्या अक्षाला गॅस स्प्रिंग, प्रतिभार किंवा ब्रेक असायलाच हवा. वीज गेल्यावर मशीन आपली जागाही विसरतं. लिमिट स्विच बसवून होमिंगची, म्हणजे मशीनला मूळ जागेवर परत आणण्याची, सोय आधीच केली असेल तर जॉब वाचतो. स्पिंडल मोटरच्या गोंगाटाने हे स्विच खोटा इशारा देतात. त्यावर उपाय म्हणजे शील्ड असलेली केबल, तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेलं, आणि घराचं अर्थिंग खरोखर चालू आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेने बिडावर एका रात्रीत गंज धरतो. काम संपलं की कीस झाडून तेलाचा हात फिरवणं ही रोजची सवय हवी. नालासोपाऱ्यात पाणीही भरतं. जुलै २०१८ मध्ये इथे रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. तळमजल्यावर राहणाऱ्याने ड्रायव्हरची पेटी भिंतीवर छातीच्या उंचीला लावावी. इमारतीत राहणाऱ्याने मशीनखाली जाड रबर घालावं आणि रात्री मशीन बंद ठेवावं. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण पहिल्या दिवसापासून हवं आणि त्याने स्पिंडल थांबायला हवा, नुसता प्रोग्रॅम थांबून उपयोग नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, हातात मोजे नकोत.

हाताला डोकं, डोक्याला हात

महाराष्ट्राला या वाटेची ओळख नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला, तोच मुळी हाताने काम करत शिकावं या विचाराने. एमआयटीच्या फॅब लॅबच्या, म्हणजे संगणकी यंत्रांच्या छोट्या खुल्या कार्यशाळेच्या, कल्पनेतून अमेरिकेबाहेर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये याच पाबळला आली. एमआयटीत फितीवरची मिलिंग चालली त्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. एवढ्या काळात ते तंत्र हवाई दलाच्या खर्चातून शिरूर तालुक्यातल्या मुलांच्या हातात आलं. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईच्या मेकर्स असायलमच्या पुढाकाराने देशभरच्या अशा छोट्या वर्कशॉपमध्ये डॉक्टर-नर्सांसाठी फेसशिल्ड तयार झाली. घरगुती यंत्रांची ताकद तेव्हा सगळ्यांनी पाहिली.

हा सगळा काळ जमेस धरून माझं मत पक्कं आहे : संगणक मशीनला सातत्य देतो, वक्र कापायची ताकद देतो, पण अचूकपणा देत नाही. अचूकपणा बिडाच्या पृष्ठभागात, बेअरिंगच्या बैठकीत आणि फिटरच्या बोटांत असतो. आपल्या वसई-विरार पट्ट्यात या दोन्ही विद्या शेजारी शेजारी राहतात. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या, कोड लिहू शकणाऱ्या मुलांनी आपल्याच गल्लीतल्या निवृत्त फिटरकाकांना गाठावं. काकांनीही हे आपलं काम नाही म्हणून मागे राहू नये, कारण त्यांच्याशिवाय हे काम अर्धंच राहील. आणि मोटर मागवण्याआधी प्रत्येकाने आपलं मशीन उघडून पुसावं, गिब बसवावी, डायल गेज लावावा आणि महिनाभर हँडलनेच चालवावं. जे मशीन हाताने नीट चालतं, तेच संगणकाने नीट चालेल.