मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा

वर्षाचे तिखट करण्याचे दिवस आले की आपण बाजारात जाऊन वाळल्या मिरच्यांच्या राशी न्याहाळू लागतो. जी रास सर्वांत लालभडक, तीच सर्वांत तिखट, असा आपला समज असतो. परंतु रसायनशास्त्र ह्याला दुजोरा देत नाही. मिरचीचा रंग व तिखटपणा ही दोन अगदी निरनिराळ्या द्रव्यांची किमया आहे.

प्रथम तिखटपणाचा विचार करू. तो कॅप्सेसिन व डायहायड्रोकॅप्सेसिन ह्या दोन द्रव्यांमुळे मुख्यतः येतो. ती बियांत तयार होतात असे आपणांस वाटते. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तो गाभा हेच त्यांचे उत्पत्तिस्थान होय. उष्णतेचा दाह जाणवून देणारे जे ज्ञानतंतू आहेत, त्यांनाच कॅप्सेसिन चेतवते. म्हणूनच न भाजताही जीभ भाजल्यासारखी होते.

हा तिखटपणा मोजण्याची रीत अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल ह्यांनी १९१२ साली शोधून काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तो जिभेला तिखट लागेनासा होतो, हे पाहून ते अंक ठरवीत. आता हे काम यंत्रे करतात. परंतु अंकांना नाव स्कोव्हिल ह्यांचेच आहे.

ह्या मापाने आपल्या देशातील मिरच्या ताडून पाहा. ढोबळ्या मिरचीचा अंक शून्य! कर्नाटकातील सुरकुतलेली ब्याडगी रंगाने गडद, पण सौम्य. आंध्रातील गुंटूर सन्नम मिरचीचा अंक सुमारे ३५ ते ४० हजार भरतो. आणि ईशान्य भारतातील भूत जोलोकिया? २००७ साली तिच्या दहा लाखांहून अधिक अंकाची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली! अर्थात जमीन, पाणी व हवा ह्यांप्रमाणे एकाच जातीतही फरक पडतो.

आता रंगाकडे वळू. हिरवी मिरची पिकू लागली की तिच्यातील हरितद्रव्य ओसरते आणि कॅप्सॅन्थिन नावाचे लाल द्रव्य वाढते. ते गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातले असून त्याला तिखटपणा मुळीच नसतो. ब्याडगीत हे द्रव्य विपुल, म्हणून तिला रंगासाठी मागणी. जाणत्या गृहिणी रंगाला ब्याडगी व झणक्याला दुसरी जात घेऊन दोन्ही एकत्र कुटतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

लाल रंगाच्या ह्या मोहाचा फायदा अप्रामाणिक व्यापारी घेतात, हे मात्र आपण विसरता कामा नये. तेल, मेण आदींना रंग देणारी सुदान नावाची औद्योगिक द्रव्ये तिखटात मिसळली जातात. ती आरोग्यास घातक असून अन्नात त्यांना बंदी आहे. २००५ साली ब्रिटनमध्ये असे भेसळीचे तिखट आढळल्यामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले होते.

आपण घरी एक साधी परीक्षा करू शकता. पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरावे. रंगाच्या रेघा लागलीच तळाकडे उतरू लागल्या, तर त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे असे समजावे. सुदान मात्र पाण्यात विरघळत नाही, म्हणून ह्या परीक्षेत ते सापडत नाही. तेव्हा शक्य तोवर अख्ख्या मिरच्या आणून, देठ काढून, आपल्या देखत कुटून घ्याव्यात हेच उत्तम. उजेडाने व हवेने नैसर्गिक रंग उडतो. यास्तव तिखट घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावे.

आणखी एक गोष्ट. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र विरघळते. तोंड पोळल्यास पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे. मिरच्या चिरून हातांची आग होत असेल, तर आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत.

पुढल्या वेळी मिरची निवडताना केवळ डोळ्यांवर विसंबू नका. जातीचे नाव विचारा, आणि अवाजवी लाल दिसणाऱ्या तिखटाकडे थोडे संशयानेच पाहा.