बिनटाक्याची जखम मिटते कशी?



आमच्या शेजारच्या बाईंचे डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर एकही टाका नाही! मला म्हणाल्या, "सिस्टर, जखम उघडीच ठेवली की काय?"

प्रश्न रास्त आहे. या ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन छिद्रे पाडतात. एकातून पाणी आत जाते, दुसऱ्यातून उजेड आणि तिसऱ्यातून हत्यार. मी थिएटरमध्ये होते तेव्हा हत्यारे 20 गेजची असत. छिद्र सुमारे 0.9 मिलिमीटरचे, ते शिवावे लागे आणि टाके खुपत. आता 23, 25 आणि 27 गेजची हत्यारे आहेत. इंजेक्शनच्या सुईप्रमाणेच आकडा वाढला की जाडी कमी; 27 गेज म्हणजे जेमतेम 0.4 मिलिमीटर.

छेद दोन तऱ्हेने घेतात. सरळ छेद भिंतीत खिळा ठोकावा तसा. तो झटपट होतो, पण मागे आरपार भोक राहते. ते गळले तर डोळ्याचा दाब उतरतो, क्वचित जंतूही आत शिरतात. तिरक्या छेदात सर्जन वरचा पातळ पापुद्रा बाजूला सरकवतात, पाते तिरके घालतात आणि मग आत वळवतात. त्यामुळे छोटा बोगदा तयार होतो. डोळ्याच्या आतला दाबच त्याच्या दोन्ही बाजू मिटवून धरतो. पापुद्रा जागेवर आला की वरचे भोकही झाकले जाते.

27 गेजचा सरळ छेदही पुष्कळदा आपोआप मिटतो. तरीही गळती दिसली तर सर्जन एखादा टाका घालतात. म्हणजे काही बिघडले असे समजू नका.

घरी मात्र डोळा चोळू नका. डॉक्टर सांगेपर्यंत समुद्रात किंवा तलावात पोहू नका. दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली, तर कुपत खोलिमच्या तोरची वाट न पाहता त्याच दिवशी मियूनमध्ये जा.

आणखी एक. डोळ्यात गॅस भरला असेल, तर जखम मिटल्यावर तो आतच असतो. उंचीवर तो फुगतो, दाब वाढतो आणि नजर जाऊ शकते. गॅस पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास नको. मृत समुद्राकडून यरुशलायमला चढण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

बाईंच्या डोळ्यात गॅस आहे आणि भाचीच्या लग्नाचे मुंबईचे तिकीट हातात होते. ते त्यांनी रद्द केले. वाईट वाटले, पण शहाणपण केले.