डाउनलोड केलेल्या फाइलींचे दप्तर

शाळेचे दप्तर म्हटले की हजेरीपट, प्रवेश-निर्गम रजिस्टर, आवक-जावक नोंदवही आणि परिपत्रकांच्या संचिका डोळ्यांपुढे येतात. ह्या दप्तराला आता एका नव्या शाखेची जोड मिळाली आहे. शासन निर्णय, बालभारतीची पाठ्यपुस्तके, यू-डायस प्लसची प्रपत्रे, शालार्थ प्रणालीतील वेतनपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे ब्राउझरच्या द्वारे संगणकावर अथवा मोबाइलवर उतरवून घ्यावे लागते. कागदी दप्तराला नियम आहेत, तपासणी आहे आणि परंपराही आहे. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र जेथे पडतात तेथेच बहुधा राहतात. ही उणीव दूर करण्यास नवे शास्त्र शिकण्याची गरज नाही. कपाटातील कागदांना जो न्याय लावला जातो, तोच ह्या फाइलींना लावला म्हणजे पुरे.

दप्तराचे मोल

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. १९५६ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे येथील जुने कागद उर्दूत व मोडीतही आढळतात. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उघडावी लागली. रजिस्टरे वर्षवार लावलेली असतील तर हवे ते पान थोड्या वेळात हाती येते; नसतील तर दिवस जातात, आणि वाळवीने खाल्लेले पान तर कोणत्याच प्रयत्नाने परत येत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी नीट लिहून नीट ठेवलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडते, ती ह्याच कारणाने. आजची फाइल उद्याचा अभिलेख आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्या व्यवस्थेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

फाइल कोठे जाते?

ब्राउझर उतरवून घेतलेली प्रत्येक फाइल, वेगळी सूचना नसेल तर, ‘डाउनलोड्स’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाकतो. हे फोल्डर म्हणजे कपाट नव्हे. ते आवक टपालाचे टेबल होय. टपाल टेबलावर यावे, त्याची नोंद व्हावी आणि ते आपापल्या संचिकेत जावे, हा कार्यालयाचा क्रम आहे. टेबलावरच वर्षभराचे टपाल साचू दिले तर जे होईल, तेच ह्या फोल्डरचे होते.

त्यात आणखी काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरविली तर ब्राउझर जुनी पुसत नाही; नावापुढे कंसात (१), (२) असे आकडे घालून नवी प्रत ठेवतो. मोठा आकडा म्हणजे सुधारलेली आवृत्ती असे मात्र नाही. ती बहुधा त्याच कागदाची दुसरी प्रत असते. संपर्क तुटल्यामुळे अर्धवट राहिलेल्या फाइलीच्या शेवटी क्रोममध्ये ‘सीआरडाउनलोड’ व फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ हे शब्द दिसतात. अशी फाइल उघडत नाही, ती पुन्हा उतरवावी. क्रोममध्ये कंट्रोल व जे ह्या कळा एकदम दाबल्या असता उतरविलेल्या फाइलींची यादी दिसते. संगणकावर ब्राउझरचा इतिहास पुसला तर ही यादी जाते, फाइल जात नाही; जसे नोंदवहीतील ओळ खोडल्याने कागद नाहीसा होत नाही.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. विंडोज संगणकावर डाउनलोड्स फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हवर असते. संगणक बिघडला आणि दुरुस्ती करणाऱ्याने तो फॉरमॅट करून विंडोज पुन्हा घातली, तर सी ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते. म्हणून शाळेचे दप्तर दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावे व त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून कपाटात कुलपाखाली ठेवावी.

सहा गठ्ठ्यांची जुनी रीत

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत कागद लावण्याची सहा गठ्ठे पद्धत प्रसिद्ध आहे. तत्काळ कार्यवाहीची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे हे सहा गठ्ठे होत. १९८० च्या दशकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी व अभिलेखांची व्यवस्था ह्यांत मोठी सुधारणा घडवून आणली. ती ‘लखिना पॅटर्न’ ह्या नावाने ओळखली जाते. अशा सर्व व्यवस्थेचे मर्म एकच आहे. कागद कोठून आला ह्यापेक्षा त्याचे पुढे काय करावयाचे आहे, ह्यावरून त्याची जागा ठरते.

द्विशिक्षकी शाळेलाही हेच तत्त्व पुरते. ‘शाळा दप्तर’ असे एक फोल्डर करून त्यात पाच उपफोल्डर करावीत: चालू काम, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अध्यापन साहित्य आणि अभिलेख. उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे चालू कामातच ठेवता येतात. अभिलेखात प्रत्येक शैक्षणिक वर्षाचे स्वतंत्र फोल्डर असावे. सहावा गठ्ठा, म्हणजे नष्ट करावयाचा, हा संगणकावर रिसायकल बिनच्या रूपाने तयारच असतो. उपफोल्डरांची संख्या फार वाढवू नये. वीस कप्पे केले तर कागद कोणत्या कप्प्यात टाकला हे शोधण्यातच वेळ जातो.

नाव कसे द्यावे?

शासनाच्या संकेतस्थळावरून उतरविलेल्या शासन निर्णयाचे नाव म्हणजे अठरा आकड्यांचा एक सांकेतांक असतो. त्यातील पहिले चार अंक वर्षाचे, पुढील दोन महिन्याचे व त्यापुढील दोन दिवसाचे असतात. शेवटचे दोन अंक विभाग दर्शवितात, आणि शालेय शिक्षण विभागाच्या निर्णयांच्या अखेरीस २१ येतात. हे कळले म्हणजे न उघडताही फाइलीचा काळ व विभाग ओळखता येतो. परंतु विषय त्यातून कळत नाही. शिवाय पुष्कळ जुने आदेश म्हणजे कागदाची छायाचित्रेच असतात. त्यांतील शब्द संगणकाच्या शोधात सापडत नाहीत. म्हणून विषय नावातच लिहिला पाहिजे.

नावाची सुरुवात दिनांकाने करावी, आणि दिनांक वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने लिहावा. संगणक नावे डावीकडून उजवीकडे वाचून लावतो. दिवस आधी लिहिला तर ०१-०५-२०२४ आणि ०१-०६-२०२२ शेजारी येतील. वर्ष आधी लिहिले तर सर्व फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. १९८८ साली ठरलेले आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणही दिनांकाचा हाच क्रम सांगते. दिनांकात तिरपी रेघ मात्र वापरू नये. विंडोज फाइलीच्या नावात ती स्वीकारत नाही. आडवी रेघ चालते. अंक नेहमी एकाच लिपीतले असावेत.

रद्द झालेला कागद

नावाची शिस्त किती आवश्यक आहे हे एका ताज्या उदाहरणावरून दिसून येते. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेसंबंधीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. १७ जून २०२५ रोजी सुधारित निर्णय आला. २९ जून २०२५ रोजी हे दोन्ही निर्णय रद्द करण्याची व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. अडीच महिन्यांत एकाच विषयाची स्थिती तीनदा पालटली. ज्या संगणकावर केवळ आकड्यांची नावे असलेल्या फाइली पडून असतील, तेथे कोणता निर्णय लागू व कोणता नाही हे कसे कळावे? पालकसभेत विचारलेल्या प्रश्नाला रद्द झालेल्या कागदावरून उत्तर दिले गेले, तर दोष कागदाकडे जात नाही, शाळेकडे येतो.

रद्द झालेली फाइल पुसू नये. कोणत्या काळात कोणता नियम लागू होता हे पुढे सांगावे लागते. तिच्या नावाच्या अखेरीस ‘रद्द’ असे लिहून ती स्थायी आदेशांतून काढावी व अभिलेखात ठेवावी. उदाहरणार्थ: ‘२०२५-०४-१६ तिसरी भाषा शासन निर्णय रद्द’. असे केल्याने स्थायी आदेशांच्या फोल्डरमध्ये केवळ आज लागू असलेलेच आदेश उरतात, आणि त्या फोल्डरवर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो.

मुलांची माहिती

विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांची बँक खाती ज्यांत आहेत अशा याद्या इतर फाइलींप्रमाणे मोकळ्या पडू देऊ नयेत. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. अशा याद्या परवलीचा शब्द घालून वेगळ्या ठेवाव्यात. गावातील सेवा केंद्राच्या संगणकावर यादी उतरवावी लागली, तर काम होताच ती डाउनलोड्समधून पुसावी, रिसायकल बिनही रिकामा करावा व संकेतस्थळावरून लॉगआउट व्हावे. नंतर येणाऱ्या अनोळखी माणसासमोर वर्गाची सारी माहिती उघडी राहणे हे हजेरीपट बाजारात विसरण्यासारखेच आहे.

शनिवारचा अर्धा तास

आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, अर्धा तास डाउनलोड्स फोल्डरसाठी राखून ठेवावा. प्रत्येक फाइलीबाबत तीनच प्रश्न विचारावेत: हिचे काम बाकी आहे काय? ही पुढे लागणार आहे काय? ही दुसऱ्या कोणाजवळ जशीच्या तशी मिळते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल तर ती चालू कामात जावी. दुसऱ्याचे तसे असेल तर नाव देऊन योग्य जागी ठेवावी. केवळ तिसऱ्याचेच होकारार्थी असेल, तर ती निर्धास्तपणे पुसावी. तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर मुख्याध्यापकांना विचारल्यावाचून ती पुसू नये. फोल्डर रिकामे झाले म्हणजे काम संपले. मोबाइलवर फाइली उतरविणाऱ्या शिक्षकांनी त्या त्याच दिवशी शाळेच्या संगणकावर आणाव्यात. कारण शिक्षकाची बदली झाली की मोबाइल त्याच्याबरोबर जातो, आणि शाळेचा कागदही त्याच्याबरोबर जातो.

बदलीनंतर येणाऱ्या नव्या शिक्षकास कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हे फोल्डरही सुपूर्द करावे. त्यास कोणालाही न विचारता हवा तो कागद सापडला, म्हणजे दप्तर नीट लागले असे समजावे.