पॉडकास्ट 'सबस्क्राइब' केलं की नेमकं काय होतं?

साप्ताहिकाची वर्गणी भरली की आपलं नाव-पत्ता त्यांच्या यादीत जातो. पॉडकास्टचं 'सबस्क्राइब' बटण दाबल्यावर तसं होत नाही. इथे यादी आपल्याकडे असते.

आमच्या कुंभवलीसारख्या गावाचं उदाहरण घ्या. ग्रामपंचायत, शाळा, रेशन दुकान, प्रत्येकाचा सूचनाफलक वेगळा. सगळे फलक रोज बघणार कोण? समजा एक पोरगा ठेवला. तो दिवसातून चारदा फेरी मारतो आणि नवीन काय लागलंय तेवढंच सांगतो. फलक म्हणजे फीड आणि पोरगा म्हणजे फीड रीडर. फलक लावणाऱ्याला तुमचं नाव कळायची गरजच नाही.

फीड ही साधी एक्सएमएल फाइल असते. तीत प्रत्येक नव्या लेखाचं शीर्षक, तारीख, दुवा आणि बहुतेकदा सारांश असतो. यातला आरएसएस हा प्रकार 1999 मध्ये नेटस्केपने आणला. 2000 च्या डिसेंबरमध्ये डेव्ह वायनर यांनी त्यात 'एन्क्लोजर' ही खूण घातली: ऑडिओ फाइल कुठे आहे, केवढी आहे, कुठल्या प्रकारची आहे. पॉडकास्टचा पाया एवढाच! 'पॉडकास्टिंग' हा शब्द मात्र 2004 मध्ये 'गार्डियन'मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात आला.

याचा उपयोग काय? सोशल मीडियावर आधी काय दिसावं हे कंपनीचं गणित ठरवतं. फीडमध्ये जे आलं ते सगळं येतं. संशोधनात हे फार महत्त्वाचं. आपण सहा महिने ज्यावर घासतोय ते कुणी आधीच छापलं असेल, तर ते आजच कळायला हवं. म्हणूनच 'आर्काइव्ह'सारखं शोधनिबंधांचं संकेतस्थळ विषयवार फीड देतं.

आता कृती:

1. वाचायला फीडली, ऐकायला अँटेनापॉड घ्या (दुसरं फक्त अँड्रॉइडवर).
2. नावाने शोधा, किंवा फीडचा पत्ता चिकटवा. वर्डप्रेसच्या साइटवर पत्त्याशेवटी इंग्रजीत 'फीड' जोडलं की सहसा काम होतं.
3. डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा. मग बोईसर-विरार प्रवासात नेटवर्क गेलं तरी भाग चालू राहतो.
4. अधूनमधून 'ओपीएमएल एक्स्पोर्ट' करा. ही तुमच्या सगळ्या फीडची यादी.

शेवटची पायरी टाळू नका. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं, गूगल पॉडकास्ट्स 2024 मध्ये. ज्यांनी यादी आधी काढून घेतली, त्यांनी ती दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली आणि वाचन-ऐकणं पुढे चालू ठेवलं. मात्र एखादा कार्यक्रम एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर असेल आणि त्याचं उघडं फीडच नसेल, तर ही सोय मिळत नाही.

आज एकच फीड जोडून बघा. आठवडाभरात कंटाळा आला तर काढून टाका. कुणाला कळवावंही लागत नाही.